साबणाची जुनी जाहिरात: कात्रण नको, अंक सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगळवार पेठेतलं आजोबांचं घर पाडायला काढलंय. माळ्यावरच्या ट्रंकेत 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' या मासिकांचे जुने अंक सापडले, तळाला अंथरलेली वर्तमानपत्रंही निघाली. त्यात सनलाइट, ५०१ अशा धुण्याच्या साबणांच्या जाहिराती आहेत. शिवाय सनलाइटची एक फ्रेम केलेली मराठी जाहिरात '१९३८ची अस्सल' म्हणून ऑनलाइन घेतली आहे. आता जाहिराती कापून अल्बम करायचा विचार आहे. तो करावा का, खरं-खोटं कसं ओळखावं आणि कोल्हापूरच्या पावसात हे सगळं टिकवावं कसं?

आधी कात्री बाजूला ठेवा. बाकी सगळं नंतर.

अंकातून कापलेली जाहिरात सालाला मुकते, मासिकाच्या नावाला मुकते, आणि ती कुणासाठी छापली होती हेही मग सांगता येत नाही. धुण्याच्या साबणाची जाहिरात पाककृतींच्या समोरच्या पानावर आहे, कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत आहे की मागच्या मुखपृष्ठावर आहे, यावरून कंपनीने किती पैसे मोजले आणि गिऱ्हाईक कुठे शोधलं ते कळतं. जाहिरात कापली की पाठीमागच्या मजकुराचेही तुकडे होतात, आणि साल शोधायला पुढे तोच मजकूर उपयोगी पडणार असतो. बाजारात आज जी फ्रेम केलेली पानं मिळतात, ती बहुतेक अशीच अंक मोडून काढलेली असतात. एका अंकातून दहा-बारा फ्रेमा निघतात, उरलेला अंक रद्दीत जातो. म्हणूनच पुष्कळदा अख्खा अंक एका फ्रेमपेक्षा स्वस्त पडतो. माझं मत विचाराल तर अंकच घ्यावा. सुटं पान घ्यायचंच असेल तर ते कुठल्या अंकातलं हे सांगता येत असेल तरच. तुमच्या ट्रंकेतल्या वर्तमानपत्रांची गोष्ट वेगळी, ती आधीच सुटी आहेत. पण तीही पानभर ठेवा, चौकोन कापू नका.

दुसरी गोष्ट, तुम्ही अंघोळीचा साबण न निवडता धुण्याचा निवडलात हे उत्तम केलंत. लक्सच्या मागे सगळे असतात. लीला चिटणीस १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकल्या तेव्हापासून नटीचा चेहरा असलेल्या पानाला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आलं की नक्कलही येते. धुण्याच्या साबणाला दाखवायला चेहरा नव्हता, म्हणून त्याला बोलावं लागलं. त्यामुळे या जाहिरातींत मजकूर भरपूर: साबण कसा चोळायचा, किती वेळ मुरू द्यायचा, कपडे दगडावर आपटून का फाडू नयेत. पंचगंगेच्या घाटावर धुणं आपटणाऱ्या बाईला 'आपटू नका' हे पटवायचं होतं. त्याआधी तर साबण हवाच कशाला, इथपासून सुरुवात होती. घरात रिठे होते, धुण्याचा सोडा होता, राख फुकट होती.

सनलाइटची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली १८८८ साली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ची. शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली १८९५ मध्ये, आणि त्याच साली लाइफबॉय हिंदुस्थानात आला. ही तीन-चार सालं शेजारी मांडली की विलायती साबण आपल्याकडच्या दुकानांत कुठल्या वाटेने आला असेल ते दिसतं. लाइफबॉय कार्बोलिक, म्हणजे जंतुनाशक घातलेला, जंतूंचं नाव घेऊन विकला जाणारा. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि जंतूची भीती घराघरात पोचली. जाहिरातवाल्यांना ही भीती पुढे कितीतरी वर्षं पुरली.

देशी साबणांची जाहिरात मात्र वेगळ्या सुरात बोलते. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असायची आणि सोवळ्या-ओवळ्याच्या घरात तो चालत नसे. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीऐवजी वनस्पती तेलाचा 'चावी' हा धुण्याचा बार काढला. पुढे गोदरेजच्या साबणासाठी रवींद्रनाथ टागोरांनी जाहिरातीत शिफारस केली. टाटा ऑइल मिल्स १९१७ची, ५०१ तिचाच. या देशी कंपन्यांच्या जाहिराती वाचताना फक्त साबणाकडे बघू नका, 'स्वदेशी' हा शब्द कुठे आणि केवढ्या टायपात आहे तेही बघा. चळवळीला जोर असला की तो मोठा होतो, ओसरला की तळाच्या ओळीत जातो.

पण खरं सांगायचं तर या मोठ्या नावांची मला फार काळजी नाही. गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार मुंबईत विक्रोळीला आहे, सनलाइट-लक्सवाल्या युनिलिव्हरचं (पूर्वीची लिव्हर ब्रदर्स) इंग्लंडात पोर्ट सनलाइटला. त्यांच्या जाहिराती कुणीतरी जपतंय. जपत कुणी नाही ते बोटभर चौकटीतल्या जाहिरातींना. खोबरेल, कॉस्टिक सोडा आणि एक मोठी कढई एवढ्यावर साबण करणारे छोटे कारखानदार गावोगाव होते. तालुक्याला एजंट नेमू पाहणारे होते. पेठेतला कुणी दुकानदार 'घाऊक व किरकोळ मिळेल' म्हणून स्थानिक पत्रात दोन ओळी देत असे. त्यांचं कागदोपत्री अस्तित्व कधीकधी तेवढ्या दोन ओळींचंच असतं. चित्र नाही, रंग नाही, म्हणून फ्रेमवाला ती पानं फेकून देतो. तुमच्या ट्रंकेच्या तळाला अंथरलेली वर्तमानपत्रं मी सगळ्यात आधी बघेन, सनलाइटची पानं नंतर.

आता साल कसं काढायचं. अंकावर साल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आधी किंमत बघा. रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा फार तर त्या धामधुमीतलं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. नुसते 'पैसे' असतील तर त्यानंतरचं. मग कंपनीचं नाव. 'लिव्हर ब्रदर्स (इंडिया)' ही कंपनी १९३३ची, 'हिंदुस्थान लिव्हर' हे नाव १९५६ मध्ये आलं. पत्त्यात 'कोल्हापूर संस्थान' असेल तर १ मार्च १९४९ च्या, म्हणजे विलीनीकरणाच्या आधीचं. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पान लहान, जाहिरात आक्रसलेली आणि मजकुरात टंचाईचा सूर असेल तर दुसऱ्या महायुद्धातला कागदतुटवडा आठवा.

यापेक्षा मजेचा पुरावा शुद्धलेखनाचा. १९६२ चे नियम येण्याआधी छापील मराठीत अनुस्वारांची रेलचेल होती: 'घरांत', 'साबणानें', 'नाहीं', 'करितां'. १९३८ची म्हणून विकली जाणारी जाहिरात 'घरात', 'साबणाने', 'नाही' असं आजच्यासारखं लिहीत असेल तर मजकूर आज कुणीतरी संगणकावर जुळवलाय. (मी इथे 'असतं', 'करायचं' लिहितोय तो अनुस्वार वेगळा, तो आजही चालतो.) उलट मात्र ठाम धरू नका. जुन्या वळणाचे छापखाने नियम आल्यावरही अनुस्वार देतच होते.

'किर्लोस्कर'च्या अंकांत आणखी एक गंमत आहे. किर्लोस्करवाडीच्या मासिकांनी सावरकरांच्या लिपिसुधारणेतली 'अ'ची बाराखडी वापरली, म्हणजे 'इ'च्या जागी 'अि', 'उ'च्या जागी 'अु'. पण मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मुंबईच्या जाहिरात एजन्सीकडून तयार ब्लॉकच्या, म्हणजे छपाईच्या कोरीव ठशाच्या रूपात येत. जे. वॉल्टर थॉम्प्सन १९२९ मध्ये मुंबईत आली, लिंटास १९३९ मध्ये. मासिकाच्या मजकुरात 'अि' आणि त्याच पानावरच्या जाहिरातीत 'इ' दिसली, तर जाहिरातीचा ब्लॉक बाहेरून आला आणि मजकूर वाडीतल्या छापखान्यात जुळला असं समजायला हरकत नाही. अंक मोडला असता तर हे कळलंच नसतं.

लिव्हरच्या जाहिरातींच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक खूण असते, रोमन अक्षरं आणि आकडे अशी. शेवटची दोन अक्षरं भाषेची असतात, म्हणजे हिंदीला एचआय, बंगालीला बीजी अशी. वहीत ती खूण जरूर उतरवा, कारण एकाच जाहिरातीच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या त्यावरून जुळवता येतात. पण आकड्यांवरून साल काढायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमची फ्रेम. मागचा पुठ्ठा काढा आणि पान काचेतून बाहेर घ्या. पाठ कोरी असेल तर पहिली शंका तिथेच घ्यावी, कारण मासिकाच्या पानाला पाठ असतेच. मुखपृष्ठाच्या पाठीवरही बहुधा काहीतरी छापलेलं असतं. पाठीवर मजकूर असेल तर पान नंबर आणि कथेचं किंवा लेखाचं नाव टिपून घ्या, वाचनालयातल्या जुन्या अंकांशी जुळवता येईल.

मग दहापट भिंग घ्या. घड्याळवाल्याकडचं चालतं. एखादं जाड अक्षर बघा. खिळ्यांवर (धातूच्या सुट्या अक्षरांवर) किंवा ब्लॉकवर छापलेल्या अक्षराच्या कडेला शाईची गडद रेघ दिसते, आतला भाग किंचित फिका असतो, कारण दाबाने शाई कडेला सरकते. बोट फिरवलं किंवा पान उलटून तिरक्या उजेडात धरलं तर पाठीवर अक्षरांचा उठाव जाणवतो. चित्राचे ठिपके बघा. रफ कागदावर इंचाला ५५ ते ६५ ओळींचा स्क्रीन (चित्राचे ठिपके पाडणारी जाळी) वापरत, ठिपके नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. आर्टपेपरवर १२० ते १३३ ओळींचा. आजच्या ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंगांचे ठिपके फुलासारखी नक्षी करतात आणि जुन्या पानाचं चित्र म्हणून ते छापलं असेल तर अक्षराच्या कडाही त्याच ठिपक्यांनी बनलेल्या असतात. छापील चित्राचा फोटो काढून पुन्हा छापलं की जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात आणि लहरी-लहरी दिसतात. एवढं दिसलं की वाद संपला. एकरंगी जाहिरातीत काळा रंग चार रंगांच्या ठिपक्यांनी बनलेला असेल तर तीही आजचीच.

नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च स्वस्तात मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत कागदावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. '१९३८'चा कागद निळसर-पांढरा चमकला तर तो १९३८चा नाही. चमकला नाही म्हणून जुनाच, असं मात्र नाही, कारण आजचा वर्तमानपत्री कागदही बहुधा चमकत नाही. गमतीचा भाग असा की याच जातीची रसायनं आजच्या धुण्याच्या पावडरींतही असतात. टॉर्च शर्टावर मारून बघा, खात्री पटेल.

चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो किंवा डागांच्या कडा गडद असतात. खरा जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो, मधे फिका राहतो. वास घ्यायलाही लाजू नका.

अशा जाहिराती कोल्हापुरात शोधायच्या तर रद्दीच्या दुकानांत आधी ओळख करून ठेवावी लागते. घर रिकामं करणारे लोक रद्दी किलोवर देतात आणि दुपारपर्यंत ती गठ्ठ्यात बांधून जाते. 'साबणाच्या जाहिराती हव्यात' असं मात्र सांगू नका. तसं सांगितलं की पानं फाडून वेगळी काढून ठेवतात! 'जुनी मासिकं, दिवाळी अंक, पंचांगं, जशी असतील तशी' एवढंच सांगा. दिवाळी अंक सोडू नका. मराठीत ती प्रथा 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केली आणि तेव्हापासून जाहिरातदारांचा हात वर्षभरात तिथेच सैल सुटतो. 'किर्लोस्कर' १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघालं, 'स्त्री' १९३० मध्ये, 'मनोहर' १९३४ मध्ये. किर्लोस्करवाडी जवळ असल्यामुळे आपल्या भागातल्या घरांत हे अंक अजून निघतात. 'स्त्री'चा वाचकवर्ग म्हणजे ज्यांच्या हाती धुणं होतं किंवा धुणं करवून घेणं होतं त्या बायका, म्हणून तिथली साबणाची जाहिरात नीट वाचण्यासारखी असते. स्थानिक पत्रांत 'पुढारी' १९३९ पासून दैनिक आहे. त्याचे सुटे जुने अंक बाजारात क्वचितच मिळतात, मिळाले तर घासाघीस करू नका.

छापील कागद अनपेक्षित जागीही सापडतो. शाळेच्या पुस्तकाला घातलेलं कव्हर, फडताळाच्या खणात अंथरलेलं पान, देवाच्या तसबिरीमागे खिळ्यांनी ठोकलेला पुठ्ठा. फ्रेमवाले पूर्वी हाताला लागेल तो कागद मागे लावत. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यावर दुकानात टांगायची जाहिरातीची कार्डं आणि कॅलेंडरं निघतात. कॅलेंडर हा स्वतंत्र छंद आहे, त्यात किमतीही वेगळ्या चालतात. एवढंच सांगतो की चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर आपल्या कोल्हापूरचे, जन्म १८६७चा, आणि त्यांची चित्रं कॅलेंडरांवर आली आहेत. सही नीट बघा. मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पाट्यांत मी पडत नाही, त्यात नकली माल फार.

नुसतं बघायला आणि जुळवायला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. तिथे वही-पेन्सिल घेऊन जा, पेन नको.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो आणि पासष्टच्या वर गेला की कागदाला बुरशीची भीती असते. वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. उजेडात टांगू नका. भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅनची प्रत लावा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको. त्याचा डिंक काही वर्षांत कागदात शिरून तपकिरी पट्टा उमटतो. पीव्हीसीचे फोल्डर टाळा, पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या मागवा. अंक उभे न ठेवता आडवे ठेवा आणि मधली गंजलेली पिन हळूच काढून टाका.

जागा वरच्या मजल्यावरची हवी. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यावर हे वेगळं सांगायला नको. २०१९ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि दुधाळीत पाणी घरात होतं. तळमजल्यावरचं लोखंडी कपाट मजबूत असून उपयोग काय? जून ते सप्टेंबर खोकं घट्ट बंद, आत सिलिका जेल. दसऱ्याच्या सुमाराला कोरडी हवा लागली की सगळं उघडून बघायचं.

कसर हा दुसरा शत्रू. तिला खळ आवडते, म्हणून बांधणीजवळ आधी बघा. डांबर गोळ्या खोक्यात कागदाला चिकटून ठेवू नका. नवीन आलेला अंक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी दुसऱ्या दिवशीच उघडायची, नाहीतर दव धरतं. घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण किडे आणि अंडी दोन्ही मरतात.

फाटलेलं पान जोडायचं तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी टिशू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ कागद. कुरडयांसाठी आपण गव्हाचा जो चीक काढतो तोच मुळात हा पदार्थ, फक्त आंबवलेला आणि मीठ घातलेला नको. वाळवलेल्या सत्त्वात चार-पाच पट पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार झाल्यावर गाळायचं आणि साईपेक्षा पातळ करून वापरायचं. टिशू कात्रीने कापू नका. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू सुटे राहतात आणि कागदात मिसळतात. पाठीकडून लावा, वर टिपकागद, त्यावर वजन, रात्रभर. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडा लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका, तांब्यामुळे कागद लवकर सडतो. आम्ल काढण्याची प्रक्रिया घरी करायची नाही, ते संवर्धन करणाऱ्या माणसाचं काम आहे.

स्कॅन ६०० डीपीआयला, पूर्ण पान, कडांसकट. ठिसूळ अंक स्कॅनरवर दाबू नका, दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढा, फ्लॅश नको. वहीत अंकाचं नाव, महिना, पान, साबणाचं नाव, किंमत, कोपऱ्यातली खूण आणि अंक कुठून मिळाला ते लिहा. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. तुमच्या बाबतीत तिथे 'मंगळवार पेठ, घरची ट्रंक' असं लिहायचं.

विकायचा विचार कधी आला आणि परदेशातून मागणी आली, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि कागदपत्रांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांचीही लागू शकते. पन्नास-साठच्या दशकांतलं साबणाचं पान त्यात येतं का, हे पोस्टात पार्सल देण्याआधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारून घ्या.